‘पुस्तक कुठपर्यंत झालं?’ : प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम समजून घेताना

दिवाळीच्या सुट्टीआधीची पालकसभा खानदेशातल्या गावात नेहमीच थोडी रिकामी असते, कारण त्याच दिवसांत कापसाची वेचणी जोरात असते आणि दिवसाची मजुरी बुडवून शाळेत येऊन बसणे सर्वांना परवडत नाही. जे पालक येतात त्यांच्यापैकी कोणीतरी एक प्रश्न विचारतोच : ‘गुरुजी, पुस्तक कुठपर्यंत झालं?’ आधी गिरणाकाठच्या आणि नंतर सातपुड्याच्या पायथ्याच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये मिळून वीसहून अधिक वर्षे मी हा प्रश्न ऐकत आलो आहे, आणि सुरुवातीची काही वर्षे त्याचे उत्तर अभिमानाने देतही असे : गणिताचे नऊ पाठ झाले, मराठीचे अकरा झाले. प्रश्न प्रामाणिक असतो, पण त्यामागची समजूत अपुरी असते. पाठ्यपुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, आणि पुस्तक संपले म्हणजे मूल शिकले असेही नव्हे. हे दोन्ही वेगळे कसे, ते इथे सोपे करून सांगण्याचा प्रयत्न आहे.

शाळेत काय शिकवायचे हे एका ठिकाणी ठरत नाही. त्याची एक उतरंड असते. सर्वांत वर धोरण असते. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हे सध्याचे धोरण होय. त्याच्या आधारे अभ्यासक्रमाचा आराखडा तयार होतो, म्हणजे कोणत्या वयात मुलाला काय यायला हवे आणि ते कोणत्या पद्धतीने शिकवावे याची दिशा. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय आराखडा २०२२ मध्ये आणि संपूर्ण शालेय शिक्षणाचा २०२३ मध्ये आला. राज्यात हे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पाहते. आराखड्यावरून इयत्तावार आणि विषयवार अभ्यासक्रम बनतो, अभ्यासक्रमावरून १९६७ साली स्थापन झालेली बालभारती पाठ्यपुस्तके तयार करते, आणि पुस्तक हाती आल्यावर शिक्षक वर्षाचे नियोजन व रोजचे पाठ टाचण लिहितो. म्हणजे पालक ज्याला अभ्यासक्रम समजतात ते पुस्तक या उतरंडीत बरेच खालचे मडके आहे.

या उतरंडीतला पालकांच्या सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत कमी माहितीचा शब्द म्हणजे ‘अध्ययन निष्पत्ती’. शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे : हा घटक शिकल्यानंतर मुलाला काय करता आले पाहिजे. ‘वजाबाकीचा पाठ झाला’ ही पुस्तकाची भाषा झाली. ‘हातच्याची वजाबाकी मूल स्वतः करते आणि ती कुठे वापरायची हे त्याला कळते’ ही निष्पत्तीची. पायाभूत वाचन आणि गणितासाठी केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात अशा अपेक्षा आकड्यांत मांडल्या आहेत. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, अशी त्यांपैकी एक. मला स्वतःला घड्याळ लावून वाचन मोजण्याचा अतिरेक पटत नाही, कारण काही मुले अडखळत वाचूनही गोष्ट पूर्ण सांगतात आणि काही जण झरझर वाचून कोरीच राहतात. पण ‘समजून’ हा शब्द त्या अपेक्षेतच आहे, तो विसरला नाही तर ही मोजणी निरुपयोगी नाही.

पुस्तक पुढे जाते आणि मूल मागे राहते हे नेमके कसे घडते, ते दुसरीच्या वर्गातल्या एका साध्या चुकीवरून पाहता येईल. शिक्षक म्हणतात, ‘लिहा, अडतीस.’ दहा-बारा मुले ३८ लिहितात आणि चार-पाच मुले ८३ लिहितात. पालकाला वाटते की मूल धांदरट आहे. वास्तविक ते मूल अतिशय नीट ऐकते आहे. मराठीत ‘अडतीस’ म्हणताना आठ आधी येतो आणि तीस नंतर. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर. मूल ज्या क्रमाने ऐकते त्याच क्रमाने लिहिते. लिहिताना मात्र दशक डावीकडे आणि आधी येतो. ‘एकोणतीस’ तर याहून अवघड, कारण नावात तीस आहे आणि संख्येत तीस नाहीच. तीसाला एक कमी हा हिशेब त्या नावात लपलेला आहे. शंभरपर्यंतच्या संख्यांची नावे मराठीत जवळजवळ एकेक करून पाठच करावी लागतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘तीस आठ’ अशी संख्यावाचनाची जोडपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली, विधिमंडळातही विषय निघाला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील विषय समितीने ती पद्धत सुचवली होती आणि तिच्यामागे हेच कारण होते. जुनी नावे कोणी काढून टाकली नव्हती. मुलाला आधी संख्येची रचना कळावी आणि मग नाव पाठ व्हावे, एवढाच हेतू होता. त्या वादात मराठी भाषेच्या अभिमानाबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ८३ लिहिणाऱ्या मुलाबद्दल फारच थोडे, ही माझी त्या वेळची खंत आजही आहे.

अशा मुलाला ‘चूक’ म्हणून लाल फुली मारून पुढचा पाठ सुरू केला तर पुस्तक वेळेत संपते. पण त्याच मुलाला तिसरीत हातच्याची वजाबाकी येणार नाही, कारण दशक फोडून दहा सुटे घ्यायचे ही कल्पना त्याच्याकडे नसेल. चौथीत भागाकार अडेल, आणि तोवर घरी सगळ्यांनी ठरवलेले असेल की याला गणितात गती नाही. वर्गात मी यासाठी काड्यांच्या गड्ड्या वापरतो : दहा काड्या रबर लावून बांधायच्या आणि बाकीच्या सुट्या ठेवायच्या. अडतीस म्हणजे तीन गड्ड्या आणि आठ सुट्या, हे हाताने एकदा मांडले की डोळा आपोआप गड्डी डावीकडे ठेवू लागतो. याला तीन-चार तास जास्त लागतात. हे तास पुस्तकाच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत.

अभ्यासक्रमाची दुसरी गोष्ट म्हणजे तो सरळ रस्त्यासारखा नसून रहाटासारखा फिरतो. एकच विषय दरवर्षी परत येतो, पण प्रत्येक फेरीत तो अधिक खोल जातो. पाणी हा विषय घ्या. लहान वर्गात गावात पाणी कुठून येते एवढेच असते; पुढे नदी, पाऊस, साठवण येते; आणि त्यानंतर पाण्याची वाटणी, म्हणजेच नागरिकशास्त्र येते. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानिहाय काढले, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. जळगावच्या मुलाने तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते हे शिकण्याआधी, आपल्या गावचा नाला कोणत्या नदीला मिळतो हे पाहावे, हा त्यामागचा क्रम आहे. जवळून लांब, माहितीतून अनोळखीकडे.

धुळे जिल्ह्यात या विषयासाठी शिक्षकाला आयता खजिना मिळतो, तो म्हणजे फड पद्धत. पांझरेसारख्या नद्यांवर ठिकठिकाणी बांध घालून पाटाने पाणी वळवायचे, लाभातली जमीन फडांमध्ये विभागायची, एका हंगामात एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने, म्हणजे पाटाचे पाणी सोडणाऱ्या माणसाने, ठरलेल्या पाळीने पाणी द्यायचे, अशी ही शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी चालवलेली व्यवस्था आहे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा हेही सर्वांनी मिळून ठरवायचे असते. एका वर्षी चौथीच्या मुलांबरोबर मी शाळेच्या मैदानात मातीचा छोटा पाट काढला, त्याच्या कडेला चार फड पाडले, प्रत्येक फड एका गटाला दिला आणि वरून मोजून दोन बादल्या पाणी सोडले. बांधाजवळच्या पहिल्या गटाने साहजिकच आपले दार मोकळे सोडले आणि त्यांचा फड तुडुंब भरला. चौथ्या गटाच्या मातीला ओल लागली नाही. भांडण झाले, रडारड झाली, एका मुलाने रागाने बांधच फोडला. मी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनीच ठरवले की आधी शेवटच्या फडाला पाणी जाईल आणि डब्याने मोजून प्रत्येकाला सारखे मिळेल, आणि दार उघडण्याचे काम कोणत्याच गटात नसलेल्या एका मुलीकडे दिले. त्या दोन तासांत मापन झाले, भूगोल झाला, आणि ज्याला आपण ‘मूल्यशिक्षण’ म्हणतो तेही झाले. टाचण वहीत मात्र मला त्याची नोंद एकाच विषयाच्या रकान्यात करावी लागली.

मूल्यांचा मुद्दा इथेच घेतो, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. महाराष्ट्रातल्या शाळांत दिवसाची सुरुवात परिपाठाने होते : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा. वर्गाच्या भिंतीवर दहा मूल्यांची यादी रंगवलेली असते. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता. मुले ही यादी धडाधड म्हणतात. परंतु मूल भिंत वाचून मूल्य शिकत नाही. शाळा कशी चालते ते पाहून शिकते. याला शिक्षणशास्त्रात ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात, म्हणजे जो कोणी लिहिलेला नाही पण रोज शिकवला जातो तो. माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गाच्या कामांचा तक्ता केला होता. त्यात वर्ग झाडण्याच्या आणि पाणी भरण्याच्या रकान्यात सगळ्या मुली होत्या, आणि घंटा वाजवणे, दुसऱ्या वर्गात सूचनावही नेणे या रकान्यांत सगळी मुले. तक्ता ज्या भिंतीवर लावला होता तिच्यावरच ठळक अक्षरांत ‘स्त्री-पुरुष समानता’ लिहिलेले होते. वर्षभर कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. पुढच्या जूनमध्ये एका मुलीने विचारले, ‘सर, मी कधी घंटा वाजवू?’ तेव्हा तो तक्ता उतरवला.

शालेय पोषण आहाराची पंगत हाही असाच छुपा पाठ आहे. कोण कोणाशेजारी बसतो, वाढणारा कोणाच्या ताटात डाव उंचावरून सोडतो, ताट कोण धुतो, हे सारे मूल टिपत असते. सहिष्णुतेवरची बोधकथा सांगून झाल्यावर पंगतीत दोन रांगा पडत असतील तर मुलाच्या लक्षात रांगा राहतात.

आता भाषेकडे वळू, कारण खानदेशात अभ्यासक्रम बहुतेक वेळा इथेच अडतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या मोठ्या भागात घरची भाषा अहिराणी आहे, रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात भिली आणि पावरी बोलल्या जातात. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे आणि मूल भय, दडपण व चिंतेपासून मुक्त असावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. हे केवळ भावनेपोटी नाही. वाचन म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून एखादा ओळखीचा शब्द डोक्यात जागा करणे. ‘शे’ आणि ‘त’ जोडून ‘शेत’ म्हणता आले तरी घरी कायम ‘वावर’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात पहिल्या फटक्यात काहीच उभे राहत नाही. त्याने वाचले, पण त्याला काही मिळाले नाही. असे रोज होत राहिले की मूल ठरवून टाकते की वाचन म्हणजे निरर्थक आवाज काढण्याचे काम आहे.

पहिलीतल्या एका मुलाने एकदा सांगितले, ‘मना बाप वावरमा गया.’ माझ्या सुरुवातीच्या काळात मी अशा वेळी ‘शुद्ध बोल’ म्हणत असे, आणि ती मुले काही आठवडे बोलतच नसत. या वेळी ते वाक्य मी फळ्यावर जसेच्या तसे लिहिले आणि त्याच्याखाली लिहिले, ‘माझे बाबा शेतात गेले.’ मुलांनी दोन्ही वाक्ये वाचली आणि ‘वावरमा’ व ‘शेतात’ यांच्याखाली रेघ ओढली. ‘मा’ आणि ‘त’ एकच काम करतात हे एका मुलीने स्वतः ओळखले, म्हणजे सप्तमी विभक्ती तिला नावाशिवाय कळली. अहिराणीमुळे मराठी बिघडते ही भीती पालकांनाच जास्त असते. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे पाहणाऱ्या पालकाला तर घरची बोली ही लपवण्याची गोष्ट वाटते. माझा अनुभव उलट आहे : ज्या मुलाची बोली वर्गात स्वीकारली जाते ते प्रमाण मराठीकडे लवकर येते, कारण ते बोलायला घाबरत नाही. पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा राज्य शासनाचा निर्णय वादानंतर २९ जून २०२५ रोजी मागे घेतला गेला, तेव्हाच्या सगळ्या चर्चेत मराठी, हिंदी, इंग्रजी या तिघींचीच नावे होती. धडगावच्या मुलाची पहिली भाषा या तिघींपैकी एकही नाही, हे कुणी फारसे लक्षात घेतले नाही.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशा साधनांनी वर्षभर होणारे ते आकारिक, आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित. पहिली-दुसरीत आकारिकाला ७० टक्के आणि संकलिताला ३० टक्के भार असतो. इयत्ता वाढते तसा संकलिताचा भार वाढत जातो. ‘परीक्षाच नाही’ असा जो समज पसरला तो चुकीचा होता. परीक्षा वर्षभर विखुरली होती, एवढेच. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद राज्यात लागू झाली. या निर्णयावर दोन मते आहेत. माझे मत असे की दुसरीत ८३ लिहिणाऱ्या मुलाला पाचवीत थांबवणे म्हणजे रोग तीन वर्षे अंगात मुरू देऊन मग रुग्णाला दंड करण्यासारखे आहे.

वर्णनात्मक नोंदींचे दुखणे मात्र आम्हा शिक्षकांचेच आहे. प्रगतिपत्रकावर ‘उपक्रमात आवडीने सहभागी होतो’ हे वाक्य एकाच वर्गातल्या तीसही मुलांसमोर लिहिलेले मी पाहिले आहे, त्यांत महिनाभर आजारी असलेले एक मूलही होते. नोंद उपयोगी असेल तर ती अशी असते : ‘गड्ड्या मांडून वजाबाकी करते, लेखी करताना हातचा विसरते.’ अशी नोंद वाचून आईला संध्याकाळी काय करायचे ते कळते. पालकाने प्रगतिपत्रकात श्रेणीआधी ही नोंद वाचावी, आणि ती पोकळ वाटली तर शिक्षकाला विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे; बहुतेक ठिकाणी या समितीची बैठक बांधकाम आणि खिचडी यांवरच संपते, पण मुलांना काय येते हा विषय तिथे काढायला कोणाचीही आडकाठी नाही.

गेल्या वर्षीच्या पालकसभेत तो जुना प्रश्न पुन्हा आला. विचारणारे गृहस्थ सकाळीच जिनिंगवर कापूस घालून आले होते आणि त्यांच्या खिशात वजनकाट्याची पावती होती. त्यांची चौथीतली मुलगी वर्गातच होती. मी ती पावती मागून घेतली आणि तिच्यावरचे दोन आकडे फळ्यावर लिहिले : भरलेली पिकअप ३२४० किलो, रिकामी पिकअप १८६५ किलो. कापसाचे निव्वळ वजन लिहिलेला पावतीचा खालचा भाग मी दुमडून हातात ठेवला. मुलगी फळ्याजवळ आली, एककाच्या घरात शून्यातून पाच जात नाहीत म्हणून थांबली, दशकाच्या चारवर काट मारून वर तीन लिहिले, पुन्हा थांबली, शतकाच्या दोनवर काट मारली. खाली १३७५ आले. वडिलांनी पावतीची घडी उलगडून पाहिली, मग मुलीकडे पाहिले, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात ती पावती दिली.